आई नाही म्हणाली

चेंडू घरात आणायचा नाही असा आमच्याकडे नियम होता आणि तो रोज मोडला जायचा. अबुधाबीतल्या आमच्या फ्लॅटला एक लांबलचक बोळ होता. एका टोकाला बाहेरचं दार, दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघर आणि मध्ये तीन खोल्या. त्या बोळात दादा चेंडू घेऊन उभा राहायचा आणि भिंतीवर मारत राहायचा. धप, धप, धप. खिडकीतल्या एसीची घरघर, मागच्या मशिदीतली अजान आणि हे धप-धप मिळून आमच्या घराचा एक कायमचा आवाज झाला होता. खालच्या मजल्यावरची पॅलेस्टिनी बाई झाडूच्या दांड्याने छत ठोकायची. मग आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "संग्राम, खलास! पुरे झालं." आईच्या तोंडात ते 'खलास' क्लिनिकमधून आलं होतं. ती फिजिओथेरपिस्ट होती. दिवसभर तिच्यासमोर पाठ धरलेले मजूर, गुडघे दुखणाऱ्या अरबी बायका आणि कंबरेत उसण भरलेले टॅक्सीवाले यायचे. डावं, उजवं, हळूहळू, श्वास सोडा, एवढं अरबी तिला उत्तम यायचं आणि घरी आल्यावरही ते थोडा वेळ जिभेवर राहायचं.

बाबा कोल्हापूरचे. एसीची कंत्राटं घेणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होते, सुटाबुटात जायचे, फोनवर इंग्रजी झाडायचे. पण फुटबॉलचा विषय निघाला की त्यांची भाषा पंचगंगेच्या काठावर जायची. कोल्हापुरात फुटबॉल काय चीज आहे हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. पेठापेठांच्या तालमींचे संघ, मॅचच्या दिवशी बंद झालेली दुकानं, हरल्यावर दोन दोन दिवस न जेवणारी माणसं. बाबा स्वतः कधी संघात नव्हते. ते बघणारे. भिंतीवर बसून, झाडावर चढून, पोलिसांच्या काठ्या चुकवत बघणारे. त्यामुळे आपला मुलगा मैदानात आतल्या बाजूला आहे, या गोष्टीचं त्यांना जे अप्रूप होतं ते मला तेव्हा कळत नव्हतं. शुक्रवारी सुट्टी असायची. सकाळी ते स्वतः तांबडा-पांढरा करायला घ्यायचे. गावाहून डब्यातून आलेली चटणी संपत आली की त्यांचा चेहरा उतरायचा. आई पुण्याची, तिला तो तांबडा सोसायचा नाही. ती पांढऱ्यात खबूस, म्हणजे तिथली अरबी रोटी, बुडवून खायची आणि बाबा त्या खबसाकडे असं बघायचे की जणू कुणी सोवळ्यात चप्पल घालून आलंय.

दादा तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होता आणि मी शाळेच्या. त्याच्या कॉलेजच्या संघात सुदानी, पॅलेस्टिनी, पाकिस्तानी, मल्याळी अशी सगळी पोरं होती आणि त्यांच्यात दादा पुढे खेळायचा. दिसायला किरकोळ, पण चेंडू पायाशी आला की अंगात काहीतरी संचारायचं. पोरं त्याला 'सॅम' म्हणायची. कॉलेजच्या मैदानावर आंतरकॉलेज सामने असले की मराठी मंडळातली माणसंसुद्धा बायकामुलांसकट यायची. आपला एक मुलगा अरब पोरांना चकवतो, हे बघायला त्यांना आवडायचं. दादाला सगळे ओळखायचे. भाजीच्या दुकानातला मलबारी त्याला फुकट केळी द्यायचा.

एक गोष्ट इथे सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्यासारख्या मुलांचा फुटबॉल कॉलेजबरोबर संपायचा. तिथल्या मोठ्या क्लबांमधून खेळायचं तर त्या देशाचं असावं लागे. आणि मुलगा शिकून झाला की बापाच्या व्हिसावर राहू शकत नसे. नोकरी शोधा, नाहीतर भारतात जा. भारतात जाऊन एकविसाव्या वर्षी कुणी फुटबॉल सुरू करत नाही. तेव्हा दादाचं ते शेवटचं वर्ष म्हणजे खऱ्या अर्थाने शेवटचं होतं. हे घरात कुणी बोलायचं नाही, पण बाबा त्या वर्षी एकही मॅच चुकवत नव्हते.

हंगामाच्या सुरुवातीलाच ते झालं. मी आणि आई पायऱ्यांवर बसलो होतो, बाबा नेहमीप्रमाणे रेषेजवळ उभे. दादा चेंडू घेऊन पळत होता, आजूबाजूला कुणीही नव्हतं. त्याने वळायला उजवा पाय रोवला, आणि पाय तिथेच राहिला, बाकीचा दादा वळला. तो पडला तेव्हा लोकांना वाटलं घसरला. कुणीतरी हसलंसुद्धा. आई मात्र उभी राहिली होती. "गेला," एवढंच म्हणाली आणि पायऱ्या उतरायला लागली. तिने धाव घेतली नाही. ती कामावर जाते तशी गेली, मैदानात गुडघे टेकून बसली, दोन्ही हातांनी त्याचा गुडघा धरून हलवून पाहिला आणि मग कोचकडे बघून मान हलवली. दादा नंतर सांगायचा की दुखण्यापेक्षा आवाज भयंकर होता. ओली काठी मोडावी तसा, आणि तो बाहेर कुणाला ऐकू गेला नव्हता, फक्त त्याला.

गुडघ्यातलं मुख्य लिगामेंट तुटलं होतं. ऑपरेशन एका इजिप्शियन सर्जनने केलं. त्यानंतर आमच्या घरात आई आणि मुलगा उरले नाहीत, फिजिओ आणि पेशंट उरले. आई क्लिनिकमधून सातला यायची, चहा घ्यायची, साडी न बदलता बोळात सतरंजी अंथरायची. "पेशंट, या," म्हणायची. पहिले काही दिवस तो पाय सरळ करताना रडायचा आणि मी माझ्या खोलीचं दार लावून घ्यायचे. मांडी वाळून काठीसारखी झाली होती. आई शिलाईच्या टेपने दोन्ही मांड्या मोजायची आणि आकडा सांगायची नाही. बोळात आता धप-धप नव्हतं, पाय घासत चालण्याचा आवाज होता. मग एका पायावर उभं राहणं. मग उडी. बोळातल्या फरशांवरून उडी किती फरशा जाते ते ती बघायची. दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायाइतकी जायला हिवाळा संपला.

इकडे कॉलेजचा संघ, कुणाची अपेक्षा नसताना, जिंकत चालला होता. बाबा प्रत्येक मॅचनंतर येऊन सगळी मॅच जेवणाच्या ताटावर मांडून दाखवायचे. चपातीचा तुकडा म्हणजे गोलकीपर, लिंबाची फोड म्हणजे बॉल. दादा मान हलवत ऐकायचा. संघ फायनलला पोचला तेव्हा बाबांनी ताटात काही मांडलं नाही. नुसतं म्हणाले, "फायनल क्लबच्या ग्राउंडवर आहे. ग्रास. लाइट लावून." दादा आयुष्यात फारसा हिरवळीवर खेळला नव्हता. आमची मैदानं म्हणजे दाबलेली वाळू.

फायनलला काही आठवडे असताना आम्ही सर्जनकडे गेलो. त्यांनी गुडघा ओढला, ढकलला, वाकवला. "एक्सलंट," म्हणाले. आईकडे बघून हसले. "मॅडम, धिस इज युअर वर्क. ही कॅन प्ले." बाबांनी तिथेच त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. येताना मिठाईच्या दुकानापाशी गाडी थांबवली आणि मंडळातल्या ओळखीच्या प्रत्येक घराला फोन करून सांगितलं. तिथे लोकल फोन फुकट असायचे आणि त्या संध्याकाळी बाबांनी त्याचा पुरेपूर उपयोग केला. दादा सोफ्यावर बसून हसत होता. आई सतरंजीची घडी घालत होती.

दुसऱ्या दिवशी कोच इद्रिस घरी आले. सुदानी, उंच, पन्नाशीचे, बोलणं इतकं मऊ की संघातली पोरं त्यांना का घाबरतात ते कळायचं नाही. ते आईला 'डॉक्टोरा' म्हणायचे. तिने कितीदा सांगितलं की मी डॉक्टर नाही, तरी. चहाला नको म्हणाले, मग तीन कप घेतले.

"डॉक्टोरा, सर्जन सेज येस. सॅम सेज येस. फादर सेज येस." बाबांनी मान डोलावली. "बट आय वॉन्ट फ्रॉम यू. घुटना तुमने बनाया. तुम हां बोलो, तो मैं खिलाऊंगा."

आई म्हणाली, "मला प्रॅक्टिसला येऊन बघू द्या."

बाबांना ते आवडलं नाही. कोच गेल्यावर म्हणाले, "आता आणि काय बघायचं राहिलंय?"

प्रॅक्टिसला मीही गेले होते. दादा पळाला, वळला, दोन गोल मारले. पोरं ओरडत होती, बाबा टाळ्या वाजवत होते. मला सगळं पूर्वीसारखं दिसत होतं. आई एका जागी हाताची घडी घालून उभी. मध्येच एकदा चेंडू दादा आणि एका दांडग्या बचावपटूच्या बरोबर मधोमध पडला. दोघेही धावले. दादा अर्धं पाऊल उशिरा पोचला. थोड्या वेळाने पुन्हा तसंच झालं, आणि पुन्हा तो अर्धं पाऊल उशिरा. दोन्ही वेळा तो हसत हसत मागे फिरला, हात वर करून, सॉरी सॉरी म्हणत. बाबा म्हणाले, "जरा गंज चढलाय, मॅचमध्ये उतरेल." मी आईकडे पाहिलं. तिचा चेहरा, मैदानात तो पहिल्यांदा पडला होता तेव्हासारखा झाला होता.

त्या संध्याकाळी बाबा नमाजानंतर दुकानं उघडल्यावर बुटांना नवे खिळे आणायला गेले. मी स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होते, आई ओट्याशी लसूण सोलत होती. दादा पाणी प्यायला आला. मी तिथे आहे हे दोघांनाही माहीत होतं. आमच्या घरात लपवायला जागा नव्हती.

"संग्राम, खेळायचंय तुला?"

"ऑफ कोर्स. डॉक्टरांनी सांगितलं ना."

"डॉक्टरांचं नाही विचारलं."

"हो, आई. खेळायचंय."

आई लसूण सोलत राहिली. "माझ्याकडे एक टॅक्सीवाला येतो," ती म्हणाली. "अपघात झाला होता. पाय बरा झाला, चालतो, पळतो. पण ब्रेकवर पाय ठेवायची वेळ आली की थरथर कापतो. त्याच्या पायात काही बिघाड नाहीये."

दादाने पाणी संपवलं. ग्लास धुतला. जो ग्लास तो कधीच धुवायचा नाही, तो त्याने घासून धुतला आणि पालथा ठेवला. मग ओट्याला टेकून उभा राहिला आणि इंग्रजीत बोलायला लागला. अवघड काही सांगायचं असलं की आम्ही दोघं इंग्रजीत जायचो, आई मराठीतच राहायची.

"आय हिअर इट, आई. समोरून कुणी आलं की. दॅट साउंड. माय लेग जस्ट स्टॉप्स. आय टेल इट टु गो अँड इट स्टॉप्स."

"मग नको खेळूस."

"आय कान्ट से दॅट! बाबांनी सगळ्यांना फोन केलेत. कोच, टीम, एव्हरीबडी. काय सांगू? डरता है? ऑल माय लाइफ दे विल से, सॅम वॉज स्केअर्ड." आणि मग एकदम मराठीत, लहानपणी बोलायचा त्या आवाजात, "बाबांना नको सांगू ना."

आईने हात धुतले, पदराला पुसले. त्याच्या जवळ गेली नाही, डोक्यावरून हात फिरवला नाही. ती तसली नव्हती. एवढंच म्हणाली, "मी नाही म्हणते. तुला कुणी विचारलं तर सांग, मला खेळायचं होतं, आई नाही म्हणाली. माझं नाव सांग." आणि माझ्याकडे वळून, "मने, ती मेथी आण इकडे."

जेवताना तिने बाबांना सांगितलं. गुडघा अजून तयार नाही, मी हो म्हणणार नाही. बाबांचा घास हातात राहिला.

"सर्जन येडा हाय काय?" ते म्हणाले. "एवढा मोठा माणूस एक्सलंट म्हणतोय, आणि तुला त्याच्यापेक्षा जास्त कळतं?"

"या गुडघ्याचं कळतं."

"आगं, शेवटची मॅच हाय पोराची! परत कधी खेळणाराय तो? कुठं खेळणाराय? सांग की मला!" मग दादाकडे वळून, "तू बोल की रं. तुला खेळायचंय का न्हाई?"

दादाने ताटाकडे बघत सांगितलं, "मला खेळायचंय. पण आई नाही म्हणते."

बाबा ताटावरून उठले. आमच्या घरात अन्नावरून कुणी उठलेलं मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं.

पुढचे आठवडे आईला सगळ्यांनी ऐकवलं. मंडळातल्या बायका गोड बोलून म्हणायच्या, "आईचं काळीज हो, घाबरणारच." बाप्ये म्हणायचे, "फिजिओ सर्जनला ओव्हररूल करते, कमाल आहे." क्लिनिकमधल्या एकाने तर सर्जनचा अपमान झाल्याचं तिच्या साहेबांच्या कानावर घातलं. ती कुणालाही उलट बोलली नाही. मी एकदा चिडून विचारलं, तू खरं का सांगत नाहीस? तर म्हणाली, "माझं काय जातंय? मी काय सेंटर फॉरवर्ड आहे?" कोच इद्रिस मात्र आले, ऐकून घेतलं, आणि निघताना दारात तिला हळूच विचारलं, "डॉक्टोरा, इज इट द नी?"

"इट इज द नी," आई म्हणाली.

त्यांनी मान डोलावली. "ओके," म्हणाले. "मेरा भी था एक ऐसा घुटना. सुदान में, ओम्डुरमान में." आणि जिना उतरून गेले.

फायनल आम्ही एका गोलने हरलो. दादा ट्रॅकसूट घालून बाकावर बसला होता. हिरवळ दिव्यांखाली इतकी हिरवी होती की खोटी वाटावी. मॅच संपल्यावर शारजाच्या कॉलेजची पोरं नाचत होती आणि बाबा रिकाम्या मैदानाकडे बघत उभे होते. गाडी घराजवळ आल्यावर बाबा स्वतःशी बोलावं तसं म्हणाले, "वीस मिनिटं. नुसती वीस मिनिटं उतरला असता तरी." आई खिडकीतून बाहेर बघत होती. दादा मागच्या सीटवर माझ्या शेजारी होता आणि त्याने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखली.

हे लिहायचं ठरवलं तेव्हा मी दादाला फोन केला. तो आता पन्नाशी ओलांडून पुढे गेलाय, टोरांटोत असतो, त्याची मुलं हॉकी खेळतात. आई-बाबा दोघंही नाहीत. बाबा शेवटपर्यंत ती फायनल सांगायचे, पुण्याला परतल्यावर घरी आलेल्या पाहुण्यांनासुद्धा, आणि प्रत्येक वेळी आईकडे बोट दाखवून म्हणायचे, "ह्या बाईनं हरवली." पाहुणे हसायचे, आई चहाचे कप गोळा करायची. दादाला मी म्हटलं, खरं लिहू का? तो म्हणाला, "लिही. तिच्या नावावर माझी भीती तीस वर्षं राहिली. आता परत घेतो."

पण गोष्ट फायनलला संपली नाही. परीक्षा झाल्या, दादाला एका ट्रेडिंग कंपनीत नोकरी लागली, त्यामुळे व्हिसाचा प्रश्न सुटला. फुटबॉलचं नाव घरात कुणी काढत नव्हतं. बूट कपाटाच्या वर गेले. शुक्रवारी दुपारी तो मोहसीन नावाच्या मित्राकडे कॉम्प्युटर शिकायला जायचा, निदान तसं सांगून जायचा.

त्या उन्हाळ्यातल्या एका शुक्रवारी मी आणि आई बंदरावर मासे आणायला गेलो होतो. आई गाडी चालवत होती. येताना गोदामांच्या मागून एक रस्ता जायचा आणि तिथे मोकळी वाळू होती. ऊन उतरायला लागलेलं, तरी हवा भट्टीची. वाळूत पंधरा-वीस माणसं फुटबॉल खेळत होती. सलवार-कमीज खोचलेले पठाण, लुंगीवाले मल्याळी, बंदरावरचे सुदानी हमाल. गोलपोस्ट म्हणून विटा. आईने अचानक गाडी बाजूला घेतली. मी विचारणार होते काय झालं, तेवढ्यात मलाही दिसला. दादा. ऑफिसची पँट दुमडलेली, अनवाणी.

तिथे त्याला कुणी सॅम म्हणत नव्हतं. बघायला कुणी नव्हतं. तो वाईट खेळत होता, धापा टाकत होता. आम्ही काचा बंद करून एसीत बसलो होतो आणि मागे बर्फातल्या हमूर माशाचा वास गाडीभर पसरत होता. मग चेंडू उडून मधोमध पडला आणि एका बाजूने दादा, दुसऱ्या बाजूने एक आडदांड पठाण, असे दोघं धावले. आईचा हात दाराच्या हँडलवर गेला. दादा या वेळी उशिरा पोचला नाही. दोघं एकमेकांवर आदळले, धूळ उडाली, आणि दोघंही आडवे झाले. पठाण आधी उठला. दादा पडूनच होता, उजवा गुडघा दोन्ही हातांनी धरून. आईचा हात हँडलवर तसाच होता, पण तिने दार उघडलं नाही.

दादाने पाय लांब केला. जवळ घेतला. पुन्हा लांब केला, अगदी बोळात सतरंजीवर करायचा तसा. पठाणाने हात पुढे केला, दादाने तो धरला आणि उभा राहिला, दोनदा जागच्या जागी उडी मारून पाहिली आणि हात उंचावून चेंडूसाठी ओरडला, "यल्ला!" काचेतून आम्हाला आवाज आला नाही, तोंडाच्या हालचालीवरून कळलं.

आईने गाडी गिअरमध्ये टाकली. "मासे खराब होतील," म्हणाली.

रात्री जेवायला बसलो तेव्हा दादाच्या कोपराला खरचटलं होतं आणि केसांत वाळू होती. बाबांनी एकदा कोपराकडे पाहिलं, एकदा केसांकडे. त्यांनी घास खाली ठेवला. "मोहसीनच्या कॉम्प्युटरमध्ये वाळू असते वाटतं," ते म्हणाले. मग त्यांनी, कितीतरी दिवसांनी, नीट आईकडे बघून विचारलं, "परवानगी घेतलीया का न्हाई यानं डॉक्टरीणबाईंची?"

दादाने मान वर केली. आई त्याच्या ताटात हमूरची मोठी तुकडी वाढत होती.

"दिली," ती म्हणाली. "आजच दिली."